सर्वेक्षण करावं की मुलाखती घ्याव्यात?

समुदाय आरोग्य सेविकांमुळे आरोग्यातली विषमता खरंच कमी होते का, यावर प्रबंध करणाऱ्या मैत्रिणीला पेच पडलाय: घरोघरी सर्वेक्षण करावं की सखोल मुलाखती घ्याव्यात?

दरी मोजायची तर सर्वेक्षणाला पर्याय नाही. पण सरासरीवर थांबून चालत नाही. नवी सेवा आधी सुस्थितीतल्यांपर्यंत पोचते, हे साथरोगतज्ज्ञ व्हिक्टोरा आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलं होतं. म्हणजे एकूण लसीकरण वाढूनही दरी रुंदावू शकते. घरांचे आर्थिक स्तरानुसार पाच गट पाडून सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या गटाची तुलना करायलाच हवी.

दरी का उरली, ते मात्र मुलाखतीतच उलगडतं. सेविका कोणत्या वस्तीत सगळ्यात शेवटी जाते, कुणाच्या दारातूनच परतते, मानधन रखडलं की कोणती फेरी आधी गळते. ‘काम कसं चाललंय?’ असं विचारण्यापेक्षा ‘काल कुठे गेला होतात?’ असं विचारावं. आणि पर्यवेक्षक शेजारी नकोच. तो असला की अहवालातलीच वाक्यं ऐकू येतात.

सर्वेक्षणात पैसा जास्त लागतो, मुलाखतींत ध्वनिमुद्रण उतरवून काढायला वेळ. सर्वेक्षणातून यादीबाहेरची स्थलांतरित कुटुंबं निसटतात, तर फक्त सेविकांशी बोललं की त्या जिथे पोचल्याच नाहीत ती घरं.

निधीसाठी किंवा धोरणासाठी पुरावा हवा असेल तर सर्वेक्षण. चालू कार्यक्रम सुधारायचा असेल तर मुलाखती. मैत्रिणीसारखं एकट्याने, तुटपुंज्या पैशांत काम करायचं असेल तरीही मुलाखतीच, पण सेवा न मिळालेली घरं त्यात धरूनच.