वॉशरची 'नवीन' मोटर ६,८०० ला पडली, आणि उघडून बघितली तर ती आमचीच जुनी!

काचेवर पाणी मारणारा वॉशर बंद पडला की बऱ्याच ठिकाणी पहिलं वाक्य एकच ऐकू येतं, "साहेब, मोटर गेली." कधीकधी खरंच गेलेली असते. पण आमच्या गाडीत ती गेली नव्हती, आणि गेली नाही हे समोरच्याला पक्कं माहीत होतं, तरी पैसे घेतले. प्रकार छोटा वाटेल पण पावसाळ्यात घाटात ज्यांना गाडी चालवायची असते त्यांच्यासाठी छोटा नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो, सोबत आई होती. पाऊस भुरभुर, म्हणजे सगळ्यात वाईट, कारण काच धुऊन निघेल इतका पडत नाही आणि पुढचे ट्रक मात्र चिखल उडवत राहतात. खंबाटकी उतरल्यावर एका कंटेनरने पूर्ण काच मातकट करून टाकली, वॉशरचा लिव्हर ओढला तर नुसता आवाज, पाणी नाही. कोरडा वायपर फिरवला की चिखल आणखी पसरतो, त्यातली बारीक वाळू काचेवर ओरखडे पाडते, आणि समोरून लाइट आले की काहीच दिसत नाही. बाजूला घेऊन बाटलीतल्या पाण्याने काच धुतली आणि पुढे हायवेलगत एक मोठं मल्टिब्रँड गॅरेज दिसलं तिथे गाडी घातली.

तिथल्या माणसाला मी तीन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. लिव्हर ओढल्यावर मोटरचा आवाज येतो, टाकी भरलेली आहे, आणि मागच्या काचेवर पाणी व्यवस्थित येतं. तो म्हणाला, "मागची मोटर वेगळी असते साहेब, पुढची जळालीय, आवाज रिलेचा, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा येतोय." मग आत कस्टमरला अलाऊड नाही, गाड्या लिफ्टवर आहेत, तुम्ही आणि मावशी एसीत बसा, चहा सांगतो. थोड्या वेळाने परत आला, मोटर जळताना कॉम्बिनेशन स्विच (स्टिअरिंगजवळचा लिव्हर असतो तो) पण घेऊन गेली म्हणे, तो नाही बदलला तर नवीन मोटर पण जाईल, आणि बंपर उतरवावा लागतो म्हणून लेबर जास्त. मोटर २,२००, स्विच ३,४००, लेबर १,२००. एकूण ६,८००. आईला संध्याकाळच्या आत पोचायचं होतं, पाऊस वाढत होता, हे त्याला समोर दिसत होतं आणि त्याने बरोबर त्याच गोष्टीचा फायदा घेतला याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. जुने पार्ट मागितले तर "ते स्क्रॅपवाला घेऊन गेला". इतक्या वेळात? पक्कं बिल मागितलं तर कॉम्प्युटर बंद, मग साध्या कागदावर लिहून दिलं. पैसे मी यूपीआयने दिले आणि कागदाचा फोटो काढला, ते पुढे कामाला आलं.

पाणी आलं, अगदी जोरात. म्हणून परतीचा प्रवास नीट झाला. आणि मग काही दिवसांत पुन्हा तेच, पुढे बंद, मागे चालू.

आमच्या इथे वाघोलीत एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, छोटं दुकान, त्याच्याकडे नेली. त्याला म्हटलं मोटर आत्ताच नवीन टाकलीय, वॉरंटीत असेल तर बघू. त्याने चाकाच्या आतलं प्लास्टिकचं लायनिंग सोडवलं आणि हात घालून टाकीच्या तळाशी असलेली मोटर ओढून बाहेर काढली, आणि मला जवळ बोलावलं. "दादा, ही नवीन?" मोटरवर वर्षानुवर्षांचा चिखल वाळून बसलेला. त्याने फडक्याने पुसलं तर प्लास्टिकवर रुपयाच्या नाण्याहून लहान असा एक गोल शिक्का, कडेने १ ते १२ आकडे, मधे बाण आणि बाणाच्या दोन बाजूंना १ आणि ७. प्लास्टिकचा पार्ट साच्यातून कधी निघाला त्याचा हा शिक्का असतो, बाण महिना दाखवतो, मधला आकडा वर्ष. म्हणजे मोटर २०१७ ची आणि आमची गाडी २०१८ ची! कंपनीतून आली तीच मोटर. मग मी स्टिअरिंगजवळचा लिव्हर बघितला, त्यावरचं वायपरचं चित्र बोट लागून लागून पुसट झालंय ते तसंच पुसट. स्विच पण बदललेला नाही. बंपर तर कुणी हलवलाच नव्हता.

आणि दुसरी गोष्ट त्याने दाखवली ती मला प्रत्येक हॅचबॅकवाल्याला सांगायचीय. मोटर एकच होती, तिला दोन नळ्या. करंट एका दिशेने गेला की मोटर सरळ फिरते आणि पाणी पुढे जातं, उलट दिला की उलटी फिरते आणि पाणी मागे. तेव्हा मागे पाणी येतंय म्हटल्यावर मोटर जळालेली असूच शकत नाही, आणि फ्यूजही शाबूत. काही गाड्यांत दोन वेगळ्या मोटर असतात हे खरं, पण ते टाकीपाशी डोळ्यांनी दिसतं, कुणाच्या तोंडी सांगण्यावर सोडू नका.

मग बिघाड काय होता? बॉनेटच्या खालच्या बाजूला जाड कापडाचं अस्तर असतं त्याच्या मागून नळी नोझलकडे, म्हणजे काचेवर पाणी उडवणाऱ्या छिद्राकडे जाते, आणि मधे एक छोटा व्हॉल्व्ह असतो, पाणी परत टाकीत उतरू नये म्हणून. तो पांढऱ्या खड्यांनी गच्च. आमच्या सोसायटीत टँकरचं आणि बोअरचं पाणी, गाडी धुणारा मुलगा तेच टाकीत भरतो, त्यातले क्षार हळूहळू साचतात. हायवेवाल्याने फक्त नोझलमध्ये पिन घालून हवा मारली असणार, खडे थोडे हलले, काही दिवस पाणी आलं आणि खडे पुन्हा येऊन बसले. इलेक्ट्रिशियनने व्हॉल्व्ह बदलला, नोझल काढून कोमट पाण्यात व्हिनेगर घालून भिजवले, टाकी रिकामी करून धुतली. सगळे मिळून २०० रुपये घेतले.

वॉशर बंद पडला तर गॅरेजात शिरायच्या आधी रस्त्याकडेला गाडी उभी करून एवढं बघाच. इग्निशन ऑन, लिव्हर ओढा, कुणाला तरी बॉनेटजवळ कान द्यायला सांगा. आवाज येत असेल तर मोटर जिवंत आहे, अडलंय ते पाण्याच्या वाटेत. बॉनेट उघडून नोझलजवळची नळी ओढून काढा आणि परत लिव्हर ओढा, नळीतून पिचकारी उडाली तर नोझल बुजलंय, बारीक सुईने मोकळं होतं. नाही उडाली तर मागे मागे जात जॉइंट बघा, नळी निसटलेली असते, किंवा उंदराने कुरतडलेली (पावसाळ्यात पार्किंगमध्ये हे फार होतं), गाडीखाली पाणी सांडतंय का तेही दिसेल. अजिबात आवाज नसेल तर आधी फ्यूज, झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये कोणता ते दिलेलं असतं, आणि बदलताना तेवढ्याच ॲम्पिअरचा टाका, मोठा टाकू नका, वायरिंग जळेल. मग मोटरचा कनेक्टर, तिथे पाणी जाऊन हिरवट गंज चढतो. एवढं करून करंट पोचतोय आणि मोटर गप्प आहे, तेव्हाच मोटर. आणि बदलायची वेळ आलीच तर बसवायच्या आधी पार्टचा खोका हातात घ्या, त्यावर एमआरपी छापलेली असते, खोका आणि जुना पार्ट दोन्ही स्वतःकडे ठेवा.

गॅरेजला फोन केला तर "तुम्हीच बाहेर बदलली असेल". मी शिक्क्याचा फोटो, कागदाचा फोटो आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट पाठवला, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, तक्रार नोंदवली. त्यानंतर त्यांचा स्वतःहून फोन आला, मोटरचे २,२०० परत देतो, तक्रार मागे घ्या. ते पैसे आले आहेत. स्विच आणि लेबरचे ४,६०० द्यायला तयार नाहीत, म्हणून तक्रार मागे घेतलेली नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही आणि अर्ज ऑनलाइन करता येतो, त्याची कागदपत्रं जमवतोय. इलेक्ट्रिशियनने काय आढळलं ते सहीनिशी लिहून दिलंय.