२०,२४८ रुपयांचं पर्सेंटाइल

कॅटचे, म्हणजे आयआयएममध्ये एमबीएला जायच्या प्रवेश परीक्षेचे, मॉक (सराव पेपर) विकणाऱ्या एका टेलिग्राम ग्रुपने माझे २०,२४८ रुपये खाल्ले. हिशोब आधीच देते, म्हणजे "नक्की किती गेले गं?" हे परत ऐकावं लागणार नाही. मॉक सिरीज १,४९९. "प्रॉक्टर्ड", म्हणजे देखरेखीखालच्या, मॉकचं अपग्रेड ३,९९९. पर्सेंटाइल हमीची अनामत १२,५००. आणि ती अनामत परत मिळावी म्हणून भरलेला जीएसटी २,२५०. शेवटच्या आकड्यावर हसायचं असेल तर हसून घ्या. माझ्या ऑफिसात हसून झालंय. घरी बाबांना अजून फक्त १,४९९ च माहीत आहेत.

असले ग्रुप कसे चालतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. स्कोअरकार्डांचे स्क्रीनशॉट, "शेवटच्या सात सीट", आयआयएमचा टी-शर्ट घातलेला डीपी, रात्री अकराला "सरां"ची व्हॉइस नोट. ते उगाळत नाही. मी त्यात कशी सापडले ते सांगते, कारण "लोभी होतीस" हे ऐकून माझे कान किटलेत. माझ्याकडे आधीच एका क्लासची रीतसर मॉक सिरीज होती. तिथे मला ६८ ते ७२ च्या मध्ये पर्सेंटाइल पडायचं. नोकरी करून, लोकलमध्ये उभ्याने शब्दार्थ पाठ करून ६८! आणि इथे पहिल्याच मॉकला ९६.८०. मग कुठला मॉक सोडावासा वाटेल? मी क्लासचे मॉक द्यायचे बंद केले. "त्यांचे पेपर मुद्दाम अवघड असतात, घाबरवून पुढचा कोर्स विकायला," असं ग्रुपवर रोज कुणीतरी लिहायचं आणि मला ते पटायचं. पटणारच ना.

आता तो रविवार. हा मी डोक्यात इतक्या वेळा परत जगलेय की विचारू नका. मॉक सकाळी दहाला उघडला. रात्री अकरापर्यंत कधीही द्या, असं लिहिलेलं. पेपर १२० मिनिटांचा, प्रत्येक विभागाला ४० मिनिटं, विभाग संपल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणजे कुणीही बाराच्या आधी संपवू शकत नाही. मी बाराला सबमिट केला. त्याच क्षणी स्क्रीनवर आलं: पर्सेंटाइल ९७.१२, एकूण परीक्षार्थी १४,३१२.

कुठले परीक्षार्थी? पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या मागे किती टक्के लोक आहेत. मागे कुणी यायचंच होतं अजून! निम्मे लोक तेव्हा अंघोळ करत असतील. हे मला कळलं होतं, हेच तर जळतंय. मी ग्रुपवर विचारलंसुद्धा, "सर, सगळ्यांचे पेपर व्हायच्या आधी पर्सेंटाइल कसं काय?" उत्तर आलं, "एआय बेस्ड नॉर्मलायझेशन." खाली दणादण अंगठे. मी गप्प. आणि गप्प बसायला कारण होतं: खरा कॅट तीन स्लॉटमध्ये होतो, तिन्ही पेपर वेगळे, त्यामुळे गुण नॉर्मलाइझ करूनच, म्हणजे पेपरांच्या अवघडपणातला फरक काढूनच, पर्सेंटाइल देतात. म्हणजे शब्द खरा होता, फक्त त्यांच्या तोंडी खोटा होता. पुढच्या रविवारी पुन्हा मॉक. एकूण परीक्षार्थी? १४,३१२. तेवढेच! एकही जण आजारी पडला नाही, एकही नवा आला नाही. हे मात्र मला तेव्हा दिसलंच नाही, कारण माझं लक्ष ९७.६४ वर होतं.

बाकीच्या खुणाही होत्या. त्यांच्या पेपरात २६, २४ आणि २६ प्रश्न. हा २०२० च्या कॅटचा साचा, ७६ प्रश्नांचा. २०२३ ला ६६ प्रश्न होते, २४-२०-२२. नंतर मी जुने पेपर काढून पाहिले तर अर्ध्याहून जास्त प्रश्नसंच तिथलेच, फक्त नावं बदललेली. फुकट मिळणारा पेपर मी विकत घेतला. उत्तर टाइप करायच्या, म्हणजे टीटाच्या प्रश्नाला चुकीच्या उत्तरासाठी ते एक गुण कापायचे. कॅटमध्ये टीटाला निगेटिव्ह मार्किंग नसतं. मला वाटलं, कडक सराव करून घेतायत.

अनामतीची अट अशी होती की कॅटला ९५ च्या खाली आलात तर पूर्ण १२,५०० परत. २४ नोव्हेंबर २०२४ ला परीक्षा झाली. निकाल ७१.३८. क्लासचा मॉक जे सांगत होता तेच. परतावा मागितला तर म्हणे आधी १८ टक्के जीएसटी भरा, रिफंडसोबत तोही परत येईल. पावतीवर पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी नंबर होता, सुरुवात २७ ने, म्हणजे महाराष्ट्र. तेवढ्यावर मी २,२५० पाठवले. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून कुणाचा आहे ते फुकट बघता येतं, हे कळेपर्यंत उशीर झाला होता. तो नंबर एका टाइल्सच्या दुकानाचा निघाला.

यानंतरची गंमत खरी. पोलीस ठाण्यात म्हणाले, हे सायबरचं. सायबरवाले म्हणाले, ऑनलाइन तक्रार करा. ऑनलाइन केली, पोचनंबर आला, आणि काही काळाने त्याच पोलीस ठाण्यातून फोन, "मॅडम, या एकदा." गेले. समोरचे साहेब विचारतात, "पेपर मिळाले ना तुम्हाला? मग फसवणूक कुठे झाली?" म्हटलं, हमी दिली होती, पैसे परत द्यायचे होते. म्हणे, "हा सिव्हिल मॅटर. ग्राहक मंचात जा." शेजारचा हवालदार समजुतीने सांगतो, ताई, ४२० आता राहिलं नाही, नव्या कायद्यात ३१८ झालंय. बरं झालं, ज्ञानात भर पडली! गुन्हा मात्र ना ४२० खाली नोंदवला ना ३१८ खाली. बँकेत गेले तर "व्यवहार तुमच्याच पिनने झालाय, आम्ही काही करू शकत नाही." ज्या खात्यांत पैसे गेले ती तरी गोठवा, तर "पोलिसांचं पत्र आणा." पोलीस म्हणतात, "बँकेचं स्टेटमेंट सही-शिक्क्यासह आणा." शिक्का मारणाऱ्या बाई रजेवर. ग्राहक मंचाच्या अर्जात समोरच्याचं नाव आणि पत्ता हवा. पत्ता काय लिहू, टेलिग्राम? मला कॅटपेक्षा ही परीक्षा अवघड गेली, आणि हिला तर सिलॅबसही नाही.

यूपीआयवर पैसे पाठवताना नाव येतं ते वाचा. माझ्या वेळी चारही वेळा चार वेगळ्या माणसांची नावं आली, एकाही कंपनीचं नाही. पैसे गेल्यागेल्या १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, दुसऱ्या दिवशी नाही. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच अडतात. स्क्रीनशॉट त्याच मिनिटाला काढा, टेलिग्रामवर समोरचा माणूस पूर्ण चॅट तुमच्याही फोनमधून उडवू शकतो. माझा उडवला. व्हॉइस नोटसुद्धा गेल्या.

हमी देणाऱ्याला तिथल्या तिथे ब्लॉक करा. आयआयएम मुलाखतीला बोलावताना दहावी-बारावीचे गुणसुद्धा बघतात, त्यात हा "सर" काय हमी देणार? कॅटच्या अधिकृत संकेतस्थळावर परीक्षेआधी मॉक फुकट येतो, स्क्रीनची सवय तिथेच करा. विकतचा मॉक घ्यायचाच असेल तर पर्सेंटाइल कधी लागतं ते आधी विचारा. खरी सिरीज सगळ्यांची मुदत संपल्यावर पक्का आकडा देते, आणि प्रत्येक मॉकला बसलेल्यांची संख्या वेगळी असते. आणि एखादा मॉक तुम्हाला ७० च देतोय म्हणून तो टाकून देऊ नका, मी टाकला.

ग्राहक मंचात, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगात, जिथे आपण राहतो तिथे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पत्ता मिळाला की मी करणार आहे. टाइल्सवाल्या काकांना भेटून आले, त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं, आता ते स्वतःच घाबरलेत.

तोच ग्रुप परवा नव्या नावाने दिसला. आता एमबीए सीईटीचे, म्हणजे महाराष्ट्राच्या एमबीए प्रवेश परीक्षेचे, मॉक विकतायत, १,९९९ ला, "खऱ्या परीक्षेसारखं निगेटिव्ह मार्किंग" असं ठळक लिहून. सीईटीला निगेटिव्ह मार्किंगच नाही.