सायकलवरच्या प्रश्नांची तयारी: क्लासमधला जोडीदार की फोनचा रेकॉर्डर?

आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत, तिच्या स्पीकिंगमध्ये म्हणजे तोंडी भागात, सायकल हा विषय निघाला की हायसं वाटतं, आणि बरेच जण नेमके तिथेच अडकतात. लहानपणी सायकल होती का, शाळेत सायकलने जायचात का, तुमच्या भागात लोक सायकल चालवतात का. 'येस, आय हॅड' म्हणून झालं की पुढे काय, ते सुचत नाही. नाहीतर 'सायकलिंग इज गुड फॉर हेल्थ अँड एन्व्हायर्नमेंट' हे पाठ केलेलं सुरू होतं. पाठांतर ओळखायला परीक्षक चांगले तरबेज असतात, त्यामुळे त्या वाटेला मी गेलोच नाही. माझ्यापुढे दोनच पर्याय होते: संध्याकाळचा क्लास, किंवा घरी बसून फोनवर स्वतःलाच रेकॉर्ड करणं. दोन्ही केले.

क्लासबद्दल वाईट बोलायचं नाही. गोव्यात कुंडईहून शिफ्ट संपवून फोंड्याला पोचायचं म्हणजे वैताग, पण तिथे बसलं की समोर माणूस असतो आणि इंग्रजी बोलायची भीड चेपते. ठरलेली वेळ असल्यामुळे टाळाटाळही होत नाही. ज्याला चार माणसांत तोंड उघडायचीच धास्ती आहे, त्याने आधी महिनाभर क्लास केलेला बरा, असं मलाही वाटतं.

मला खटकली ती एकच गोष्ट, आणि माझ्यापुरता निकाल तिनेच लावला. तिथे वाक्य मधेच तोडतात. बाबांची उंच सायकल, दांड्याखालून पाय घालून हाफ पेडल, परसातल्या उतारावर शिकलो, असं मी छान रंगात येऊन सांगत होतो. 'एव्हरी इव्हनिंग आय टेक...' म्हणालो आणि सर लगेच म्हणाले, 'टूक'. दुरुस्ती अगदी बरोबर, पण परसातला उतार हातचा गेला. पुन्हा सुरुवात केली तर पुढच्या क्रियापदाला पुन्हा थांबा. हळूहळू अशी सवय लागली की प्रत्येक क्रियापदानंतर माझी नजर सरांच्या चेहऱ्याकडे जायची. व्याकरण सुधारलं असेल, पण बोलणं अडखळायला लागलं. स्पीकिंगचे मार्क ज्या चार निकषांवर देतात त्यांना सारखंच वजन असतं आणि सलग, ओघवतं बोलणं हा त्यांतलाच एक. शिवाय प्रत्यक्ष परीक्षेत कुणी चूक दुरुस्त करत नाही. परीक्षक 'व्हेरी गुड'ही म्हणत नाही आणि 'टूक'ही म्हणत नाही, सरळ पुढचा प्रश्न विचारतो. मग जे तिथे घडणारच नाही, त्याचा सराव कशाला?

क्लासमधल्या सरावाच्या जोडीदाराचंही थोडं तसंच. तोही आपल्यासारखाच फोंड्याचा. 'मडगार्ड' आठवलं, 'स्पोक' आठवेना, की दोघेही 'ताका कितें म्हणटात' करत कोकणीत उतरायचे आणि तिथून पणजीच्या ट्रॅफिकवर.

रेकॉर्डर मधे बोलत नाही, हा त्याचा मोठा गुण. सुरुवातीला स्वतःचा आवाज ऐकवत नाही, हे मान्य. पण ऐकल्यावर जे सापडतं ते क्लासमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. माझं दर दुसरं वाक्य 'अॅक्च्युअली'ने सुरू व्हायचं. भूतकाळाचं शेपूट मी गिळायचो, 'लर्न्ड'चं 'लर्न' व्हायचं. मराठी ढंगाची मात्र काळजी करू नका. उच्चार स्पष्ट असला की पुरे, गोऱ्यासारखं बोलायचे मार्क नाहीत.

खरा फायदा दुसऱ्या भागात दिसतो, जिथे कार्डावर दिलेल्या विषयावर एकट्याने बोलायचं असतं. तयारीला एक मिनिट, बोलायला दोन मिनिटांपर्यंत, आणि फोनवरचं घड्याळ खोटं बोलत नाही. आपण दोन मिनिटं बोललो असं वाटतं तेव्हा एक मिनिटही झालेलं नसतं. त्या तयारीच्या मिनिटात मी वाक्यं लिहिणं सोडलं, फक्त शब्द लिहायला लागलो. सायकलसफरीचं कार्ड असेल तर: रायबंदर, कॉजवे, फेरीबोट, दिवाडी, पंक्चर. पणजी-रायबंदरचा कॉजवे १६३३-३४ मध्ये पोर्तुगीजांनी बांधला, हे एक वाक्य ओघात आलं तर येऊ द्यावं, इतिहास सांगत बसू नये. दोन मिनिटं भरायला पंक्चर जास्त कामाला येतं: कुठे झालं, कोणी मदत केली, फेरी चुकली का.

आणि 'तुमच्या भागात सायकल लोकप्रिय आहे का' याला गोव्याच्या माणसाने पर्यावरण गाठायची काही गरज नाही. आपल्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, आहे! सकाळी भोंपू वाजवत येणारा, मागच्या टोपलीवर प्लास्टिक झाकलेलं, आत उंडे आणि गरम पोई, हे आपले पाव. कामाला जाणारे बहुतेक सगळे स्कूटरवर गेले, काही पोदेरसुद्धा गेले, पण पाव अजून बऱ्याच वाड्यांवर सायकलवरूनच येतो. हे मी इंग्रजीत सांगून रेकॉर्ड केलं तेव्हा पहिल्यांदा 'अॅक्च्युअली' आलं नाही. पोई म्हणजे काय हे सांगताना 'कोंडा लावलेला पोकळ पाव' एवढं साध्या इंग्रजीत जमलं की शब्दसंपत्तीचंही काम होतं.

रेकॉर्डर कमी पडतो तो तिसऱ्या, चर्चेच्या भागात. शहरात सायकलींना वेगळी लेन हवी का, लोक सायकल का सोडतात, असे प्रश्न आले की समोर उलट विचारणारा माणूस लागतोच. त्यासाठी क्लासच लावायला हवा असं नाही. माझं ते काम मावसभावाने केलं. तो मोटरसायकल पायलट, म्हणजे भाडं घेऊन मागच्या सीटवरून लोकांना पोचवणारा, इंग्रजी सगळं पर्यटकांकडून शिकलेला, व्याकरणाशी त्याचं वाकडं. मी लेनच्या बाजूने काही बोललो की तो हेल्मेट मांडीवर घेऊन विचारायचा, 'बट व्हाय, रे? व्हेअर इज द रोड?' आणि चिंबलच्या चढावर सायकलची लेन कुठून काढणार, याचं उत्तर मला इंग्रजीत शोधावं लागायचं.