स्नीकबॉक्स : बदकांच्या शिकारीची बारा फुटी होडी, अख्खा मोसम वापरल्यावर

ही होडी वल्हवायला चांगली नाही, हे आधीच सांगून टाकतो. कयाकची सवय असलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत वैतागेल. नाक सरळ राहत नाही, वेग येत नाही, आणि बाजूनं वारा लागला की ती आपल्या मर्जीनं फिरते. तरीही गेल्या सप्टेंबरात घेतल्यापासून सगळा मोसम मी तीच वापरली आणि विकायचा विचारही मनात नाही. तिचं खरं काम लपवणं आहे. वल्हवणं हे त्या जागेपर्यंत पोचण्यापुरतं.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी : स्नीकबॉक्स ही न्यू जर्सीच्या किनाऱ्याची होडी, बार्नेगॅट बेची. १८३६ च्या सुमारास वेस्ट क्रीक गावच्या हेझल्टन सीमन यांनी पहिली बांधली असं इकडे सांगतात. साधारण १२ फूट लांब, ४ फूट रुंद, पाण्याच्या वर जेमतेम वीतभर दिसते. तळ चमच्यासारखा गोलसर, वरून जवळजवळ सगळी डेकनं झाकलेली. मधे एक आयताकृती भोक. त्यातून आत सरकायचं, पाय पुढच्या डेकखाली घालायचे आणि उताणं पडायचं. टॉम्स रिव्हरचे नॅथॅनिएल बिशप १८७५-७६ च्या हिवाळ्यात अशाच होडीतून पिट्सबर्गहून निघाले आणि ओहायो, मिसिसिपी करत मेक्सिकोच्या आखातातून फ्लोरिडाला पोचले. रात्री झोपायचेही तिच्यातच. एवढ्या जागेत झोप कशी लागत असेल, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला. आता पडत नाही. पहाटे पाचला गवतात घुसून पडलं की डोळा लागायला दोन मिनिटं पुरतात.

जुन्या होड्या इथल्याच दलदलीत वाढणाऱ्या पांढऱ्या सीडरच्या असत. माझी फायबरग्लासची आहे, वापरलेली, ट्रेलरसकट घेतली. बनवणाऱ्याचं नाव मुद्दाम देत नाही. तक्रारी आहेत, पण त्यातल्या निम्म्या आधीच्या मालकाच्या हयगयीच्या असू शकतात. वजन दोनशे पौंडांच्या आत. चिखलावरून एकटा ओढू शकतो, गाडीच्या टपावर एकट्यानं चढवू शकत नाही. म्हणजे ट्रेलर आला, ट्रेलर आला की तो ठेवायची जागा आली, आणि टाउनहाउसच्या असोसिएशनची पत्रं आली. एडिसनच्या बाजूला राहणाऱ्यांनी हा खर्च किमतीत धरावा.

आता वल्ह्यांबद्दल. उघड्या पाण्यात दोन वल्ही, पाठ पुढे करून, नेहमीसारखी. वल्हं अडकवायच्या कड्या ज्या ठोकळ्यांवर असतात ते आत दुमडतात, म्हणजे एकदा जागेवर पोचलं की डेकच्या वर काहीच उरत नाही. ही युक्ती मला फार आवडली. पण खाजणातल्या नाळ्या वल्ह्यांच्या पसाऱ्याहून अरुंद. तिथे वल्ही आत घ्यायची, गुडघ्यांवर बसायचं आणि एकाच पात्याच्या छोट्या पॅडलनं पुढे सरकायचं, दोन हात डावीकडे, दोन हात उजवीकडे. खाली कील (तळाच्या मध्यावरची उभी पट्टी) नसल्यानं प्रत्येक फटक्याला नाक दुसरीकडे वळतं. पॅडलचं पातं फटक्याच्या शेवटी किंचित बाहेर वळवलं तर ती सरळ जाते, पण हे अंगवळणी पडायला महिना गेला. मी रेवदंड्याचा, कुंडलिकेच्या मुखाशी होड्या पाहतच वाढलो. त्या अनुभवाचा इथे शून्य उपयोग झाला. उपयोग झाला तो काठीचा. आठ-नऊ फुटांची काठी, टोकाला चिखलात रुतू नये म्हणून फाटा. सुकतीला ती नसेल तर घरी पोचणं अवघड.

सुकतीवरून आठवलं. बार्नेगॅट बे ही वाळूच्या लांबलचक पट्ट्यामागे दडलेली उथळ खाडी. समुद्राकडे उघडणारी तोंडं मोजकी, त्यामुळे वरच्या भागात भरती-ओहोटीचा फरक फारसा नसतो. पाणी हलतं ते वाऱ्यानं. वायव्येचा वारा एक-दोन दिवस नेटानं वाहिला की पाणी बाहेर ढकललं जातं आणि तक्त्यात भरती लिहिलेली असताना समोर नुसता चिखल दिसतो. ही होडी वीतभर पाण्यात तरंगते, म्हणून अशा दिवशीही ती कुठे ना कुठे जातेच. दक्षिणेला टकरटनच्या खाली ग्रेट बेमध्ये मात्र तीनेक फुटांची खरी भरती-ओहोटी आहे, तिथे कोकणातलं गणित चालतं. मी बहुतेक वेळा तिथेच जातो, ग्रेट बे बुलेवार्डच्या वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरियात. लोक त्या रस्त्याला ‘सेव्हन ब्रिजेस रोड’ म्हणतात. पूल पाचच आहेत.

लपण्याचं काम ती कसं करते ते सविस्तर सांगतो, कारण पैसे त्याचेच आहेत. डेकच्या कडेनं दोरी ताणलेली असते, तिच्यात खाजणातलंच गवत मुठीमुठीनं खोवायचं. दुकानात मिळणारं राफियाचं गवत पहिल्यांदा लावलं होतं. ते सप्टेंबरच्या हिरव्या खाजणात पिवळं दिसलं आणि डिसेंबरच्या पिंगट खाजणात आणखी पिवळं. त्याच जागेचं, त्याच आठवड्याचं गवत लागतं. मग होडी नाळीच्या काठाला, गवत जिथे पाण्यावर झुकतं तिथे, मागून आत घुसवायची. मागच्या डेकवर डिकॉय, म्हणजे बदकांना भुलवायची खोटी बदकं, ठेवायला फळ्यांची चौकट असते. जागेवर पोचल्यावर ती रिकामी होते आणि तीही गवतानं झाकायची. तोंडापुढे कॅनव्हासचा छोटा पडदा, त्यालाही गवत. आडवं झाल्यावर माझ्या डोळ्यांची पातळी पाण्यापासून फार तर फूटभर वर. या उंचीवरून खाडी वेगळीच दिसते. लांबचे डिकॉय लाटेमागे बुडतात आणि पुन्हा वर येतात, आणि बदकं आकाशात दिसायच्या आधी पाण्यावर त्यांच्या सावल्या दिसतात. नोव्हेंबरात एका सकाळी एक भोवत्या (खाजणावरून खालून उडणारा शिकारी पक्षी) गवत चाळत माझ्याच दिशेनं आला, पडद्याच्या वरून गेला आणि अगदी डोक्यावर आल्यावर दचकून वळला. पंखांखालचं पीसन् पीस दिसलं. भोवत्याची नजर फसली तर बदकाची फसणार.

ब्लॅक डक हे त्यातलं सगळ्यात संशयी गिऱ्हाईक. आपल्याकडच्या हळदी-कुंकू बदकाच्याच कुळातलं, गडद तपकिरी, आणि दोन घिरट्या घातल्याशिवाय उतरत नाही. मित्राच्या कयाकवर गवताचं जाळं टाकून आम्ही बसायचो तेव्हा ब्लॅक डक दुसऱ्या घिरटीला हमखास निघून जायचं. स्नीकबॉक्समध्ये तसं क्वचित झालं. ब्रँट नावाचे छोटे समुद्री हंस तेवढे चिकित्सक नाहीत. थवा पाण्यालगत घरघर करत येतो आणि थेट डिकॉयमध्ये घुसतो. थापट्या बदकंही इथे दिसतात. उजनीला दुर्बिणीतून पाहिलेले पक्षी इथे तीस यार्डांवरून जातात तेव्हा अजूनही बंदूक उचलायला क्षणभर उशीर होतो.

बंदुकीचं सांगायचं तर उताणं पडून पाय पुढे असल्यावर उजव्या हातानं चालवणाऱ्याला डावीकडे भरपूर फिरता येतं, उजवीकडे जवळजवळ नाही. म्हणून होडी लावतानाच वारा उजव्या खांद्यावरून येईल अशी लावायची. बदकं वाऱ्याकडे तोंड करून उतरतात, ती मग डाव्या हाताला येतात. उठून बसायचं आणि मग गोळी. चार फूट रुंदीमुळे होडी डगमगत नाही. या बाबतीत कयाक तिच्या जवळपासही नाही. पोटाचे स्नायू मात्र दुसऱ्या दिवशी हिशेब मागतात. पाठ दुखणाऱ्यांनी आधी कुणाच्या तरी होडीत तासभर पडून पाहावं.

धोका याच गुणातून येतो. तुम्ही बदकाला दिसत नाही, तसे मोटरबोटवाल्यालाही दिसत नाही. पहाटेच्या अंधारात रॅम्पवरून निघालेल्या बोटी नाळ्यांतून सुसाट जातात. जाताना-येताना मी डोक्यावर पांढरा दिवा आणि मागे काठीवर दुसरा लावतो, जागेवर बसल्यावरच विझवतो. दुसरा धोका पाण्याचा. डिसेंबर-जानेवारीत खाडीचं पाणी ४० फॅरनहाइटच्या आसपास असतं. त्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात धाप लागते आणि पोहता येणं न येणं सारखंच होतं. लाइफ जॅकेट अंगात हवं, डेकखाली नाही. वाऱ्याचा वेग वीस मैलांवर गेला की मी उघडी खाडी ओलांडत नाही. डेक असल्यानं लाटा वरून जातात हे खरं, पण भोकातूनही येतात.

आता तक्रारी. उजव्या कडीचा ठोकळा दुसऱ्याच महिन्यात हलायला लागला. उघडून पाहिलं तर स्क्रू नुसत्या फायबरग्लासमध्ये पिळलेले, खाली लाकडाची पट्टीच नाही. मरीन प्लायचा तुकडा आणि आरपार बोल्ट टाकून प्रश्न मिटला. भोकाच्या झाकणाचं रबर थंडीत ताठतं आणि पाणी झिरपतं. पाठीखाली बंद फोमची चटई घातल्याशिवाय पडूच नये. डेकचा रंग कागदावर मॅट, पण ओला झाला की चकाकतो. म्हणून सध्या नवा थर चढवणं चालू आहे, रंगात बारीक वाळू मिसळून. विकणाऱ्यानं यातलं एकही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या छोट्या होड्यांशी तुलना करायची तर लुइझियानाची पिरोग ही अरुंद, सपाट तळाची, काठीनं ढकलायची होडी. झाडी-दलदलीत झकास, पण उघड्या खाडीच्या लाटांत मी नेणार नाही. मेन राज्यातल्या मेरीमीटिंग बेमध्ये वेगळीच तऱ्हा आहे. तिथे होडीत आडवं पडून मागच्या फळीतल्या भोकातून एकच वाकडं वल्हं हलवत, आवाज न करता, पाण्यावर बसलेल्या बदकांकडे सरकतात. ते कसब आहे आणि मला येत नाही. पण स्नीकबॉक्समध्ये बदकं तुमच्याकडे येतात. मला तेच जास्त आवडतं. काहीजण विचारतात की ही बेकायदा नाही ना. बेकायदा आहे तो सिंकबॉक्स, ज्यात माणूस पाण्याच्या पातळीखाली बसायचा. त्यावर १९३५ पासून बंदी आहे. ही पाण्यावर तरंगते, चालते.

नियम थोडक्यात : हंटर एज्युकेशनचा कोर्स, लायसन्स, राज्याचा स्टॅम्प (परवान्यासोबतचं शुल्काचं तिकीट), एचआयपी नोंदणी (स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीच्या मोजणीसाठी) आणि २५ डॉलरचा फेडरल डक स्टॅम्प. या शेवटच्या पैशातले डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जागा विकत घ्यायला आणि राखायला जातात. शिशाचे छर्रे १९९१ पासून बंद, बंदुकीत तीनच काडतुसं. न्यू जर्सीत रविवारी पाणपक्ष्यांची शिकार करता येत नाही, त्यामुळे नोकरदाराच्या वाट्याला शनिवारच येतो. हवामान वाईट असलं तरी शनिवारच. भारतात हे सगळं १९७२ च्या कायद्यानं बंद आहे आणि तिथे बंदच असावं असं माझं मत आहे. इथे दरवर्षी पक्षी मोजून मोसम आणि मर्यादा ठरवतात. तरीही ज्यांना पटत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही. आमच्या घरातही सगळ्यांना पटत नाही. बायको या होडीला तरंगती शवपेटी म्हणते, आणि गंमत म्हणजे जुन्या काळी इथल्या लोकांनीही तिला ‘सैतानाची शवपेटी’च म्हटलं होतं.

खाण्याचं विचारलंच जातं. ब्रँटची चव त्यानं काय खाल्लं यावर आहे. समुद्री शेवाळ खाल्लेल्याला उग्र वास येतो. कातडी आणि चरबी पूर्ण काढून, रात्रभर दह्यात ठेवून, आगरी मसाल्यात शिजवला तर बरा लागतो. ब्लॅक डकला एवढ्या खटपटीची गरज नाही. जेवताना सावकाश चावा. स्टीलचा छर्रा दाढेखाली आला तर दंतवैद्याचं बिल होडीच्या दुरुस्तीहून जास्त येतं.

कुणी घ्यावी? एकट्यानं जाणाऱ्यानं, खाऱ्या खाजणात, जिथे लपायला गवताशिवाय काही नाही तिथे. तळ्यावर किंवा नदीवर जाणार असाल तर जाळं टाकलेलं कयाक निम्म्या पैशात भागवतं. मोठा कुत्रा असेल तर विसरा. दोघं मावत नाहीत. कुणी ‘थोडं सरकून बसू’ म्हणालं तरी नाही. सप्टेंबरच्या शेवटी टकरटनला ओशन काउंटीचा डिकॉय अँड गनिंग शो भरतो, तिथे जुन्या-नव्या स्नीकबॉक्स जवळून पाहायला मिळतात. विकत घेताना कड्यांचे ठोकळे हातानं जोरात हलवून पाहा, आणि डेकखाली हात घालून स्क्रूमागे लाकूड आहे का ते चाचपा. नसेल तर किंमत पाडून मागा.