जबडा दुखतोय: आधी फिजिओथेरपी की रात्रीचा गार्ड?

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. तो दुखू लागला की बहुतेकांसमोर दोन पर्याय येतात: फिजिओथेरपी किंवा रात्री दातांवर बसवायचा गार्ड.

झोपेत दात खाण्याने दात झिजत असतील, तर गार्ड हवाच. दात वाचवण्याचं काम तो चोख करतो. पण दिवसा कामाच्या तंद्रीत दात आवळायची सवय आणि त्याने ताठरलेले स्नायू, यांवर त्याचा फारसा इलाज चालत नाही. म्हणून मुख्य तक्रार दुखण्याची असेल, तर मी आधी फिजिओथेरपीच सुचवेन. 2023 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांचा कलही तसाच आहे. जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी त्यांनी देखरेखीखालचे व्यायाम आणि हाताने केलेले उपचार ठामपणे सुचवले. गार्डबाबत मात्र हात आखडता घेतला.

फिजिओथेरपिस्ट गालावरून, कधी हातमोजा घालून तोंडाच्या आतून, स्नायूंतल्या गाठी दाबून सैल करतात, सांधा हलक्या हाताने मोकळा करतात, मानही तपासतात. खरा फरक मात्र घरच्या सरावाने पडतो. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. खाताना-गिळताना सोडलं तर दात एकमेकांना टेकायचं कारणच नसतं, हे ऐकून बरेच जण चकित होतात. हा सराव रोज, काही आठवडे करावा लागतो. तेवढा धीर नसेल तर नुसत्या बैठकांवर पैसे घालवू नका.

गार्ड घ्यायचाच तर दंतवैद्याकडून मापाचा, सगळे दात झाकणारा आणि काढता येणारा घ्या. नीट न बसणारा गार्ड फार वापरला तर दातांची ठेवणच बदलू शकते. दुखतंय म्हणून निरोगी दात तासून वरखालच्या दातांची बैठक बदलायला तर मुळीच तयार होऊ नका. तासलेला दात परत येत नाही.

नुसता कटकट आवाज येतो, दुखत नाही? मग दोन्हींची गरज नाही. एरवी तोंडात आपलीच तीन बोटं उभी मावतात. ती अचानक मावेनाशी झाली, किंवा सूज, ताप आला, तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. पन्नाशीनंतर चावताना जबडा भरून येऊन नव्यानेच डोकं दुखू लागलं, तरीही तेच. छातीत दडपण येऊन जबडा दुखत असेल तर थेट इस्पितळ.