पहिला गिग अ‍ॅम्प: कटाना, ब्लूज ज्युनिअर की थेट मिक्सर?

हातात तीस-पस्तीस हजार आहेत, गिटारचा घरचा दहा वॉटचा अ‍ॅम्प ड्रमर बसला की ऐकूच येत नाही आणि आता अधूनमधून कार्यक्रम मिळायला लागलेत. अशांसमोर माझ्या मते तीनच वाटा आहेत: बॉस कटाना 50 सारखा मॉडेलिंग कॉम्बो (वेगवेगळ्या अ‍ॅम्पचे आवाज डिजिटली काढणारा, अ‍ॅम्प-स्पीकर एकाच पेटीत), सेकंडहँड फेंडर ब्लूज ज्युनिअर, किंवा अ‍ॅम्पच न घेता प्रोसेसरमधून (गिटारचा आवाज घडवणारी छोटी पेटी) थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला.

आधी वॉटचं भूत उतरवू. वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो 3 डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणजे 50 आणि 100 वॉटमधला फरक खिशाला जितका जाणवतो, तितका स्टेजवर जाणवत नाही. स्पीकर बघा. 8 इंची स्पीकर खोलीत गोड वाजतो, पण बेस गिटार आणि किक ड्रम सुरू झाले की त्याचा तळच गायब होतो. वरच्या दोन्ही अ‍ॅम्पमध्ये 12 इंची आहे, म्हणून तर ते यादीत आहेत.

ब्लूज ज्युनिअर फक्त 15 वॉटचा, दोन ईएल84 व्हॉल्व्हवर (काचेच्या नळ्यांवर) चालणारा. पण 15 ऐकून नाक मुरडू नका. व्हॉल्व्हचा आवाज फाटतो तोही सुरेल, त्यामुळे अ‍ॅम्प शेवटपर्यंत पिळून घेता येतो. पिक हलका लावला तर आवाज स्वच्छ, जोरात मारला की तोच सूर किंचित खरखरतो. बोटांना अशी दाद देणारा अ‍ॅम्प एकदा वाजवला की दुसरं काही आवडेनासं होतं, हाच त्याचा धोका. कारण तापट ड्रमरसमोर व्हॉल्यूम वर गेला की क्लीन टोन क्लीन राहत नाही. ब्लूज वाजवणाऱ्याला ते हवंच असतं. हिंदी-मराठी गाण्यांची कव्हर्स करणाऱ्याची मात्र पंचाईत. हेडफोनची सोय नाही, म्हणजे सोसायटीत रात्रीचा रियाज विसरा. मिक्सरला थेट केबल द्यायला लाइन आउटही नाही, मोठ्या जागी समोर माइक लावावाच लागतो. शिवाय वजन 14 किलोच्या आसपास, आत काच. स्कूटरच्या पायात ठेवून खड्ड्यांतून नेताना मी दर खड्ड्याला श्वास धरायचो.

कुणी ‘अमेरिकेतून आणलेला, एकदम कडक कंडिशन’ म्हणून विकत असेल तर आधी मागची पट्टी वाचा. 120 व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या 230 व्होल्टवर तो थेट चालणार नाही. फ्यूज जाईल, नशीब खराब असेल तर ट्रान्सफॉर्मर. मग व्होल्टेज उतरवणाऱ्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचं वेगळं धूड सोबत वागवायचं.

कटाना 50 (मी मार्क 2 वापरलाय) या मानाने समंजस. साडेअकरा किलोच्या आसपास वजन आणि पॉवर कमी करून अर्ध्या वॉटवर आणता येते, त्यामुळे शेजारी जागे होत नाहीत. क्लीन टोन स्टेजवरही टिकतो. क्रंच (किंचित फाटलेला आवाज) चांगला आहे, पण ब्लूज ज्युनिअरसारखा बोटांशी बोलत नाही. एक मेख लक्षात ठेवा: हेडफोन-रेकॉर्डिंगच्या जॅकमध्ये पिन घातली की स्पीकर बंद होतो. मिक्सरलाही लाइन द्यायची आणि स्टेजवर स्वतःलाही ऐकायचं, असं यात एकदम जमत नाही. तिथेही माइकच.

तिसरी वाट ऑर्केस्ट्रावाल्यांची. प्रोसेसर पाठीवरच्या बॅगेत, कॅब सिम्युलेशन (अ‍ॅम्पच्या स्पीकरची नक्कल) चालू, एक केबल मिक्सरला. सगळ्यात स्वस्त आणि हलकी. फक्त तुमचा आवाज पूर्णपणे साउंडवाल्याच्या आणि स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरच्या हातात. मॉनिटरमध्ये गायकच भरलेला असेल तर सोलो अंदाजानेच वाजवायचा. जिथे साउंड सिस्टीमच नाही अशा कॅफेत तर ही वाट बंदच.

आणि काहीही घेतलंत तरी अर्थिंग तपासा. मंडळाच्या एका मांडवात माझा हात गिटारच्या तारांवर होता आणि ओठ माइकला लागले, तेव्हा बसलेला झटका अजून आठवतो. दहा रुपयांचा टेस्टर आता केबलच्याच पिशवीत असतो.

माझं मत विचाराल तर पहिला अ‍ॅम्प म्हणून कटाना, तोही सेकंडहँड मिळाला तर उत्तम. फक्त ब्लूज वाजवणार असाल आणि न्यायला चारचाकी असेल, तरच ब्लूज ज्युनिअर. बघायला जाताना स्वतःची गिटार न्या, प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवून करकर ऐका, आणि विकणारा ‘आता लाइट नाहीये’ म्हणाला तर लाइट असेल त्या दिवशी परत जा.