ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यातली होडी: फुगवायच्या कायाकचे तीन उन्हाळे

आधी निकाल सांगते. अमेरिकेत मिशिगनमध्ये लहान ट्रेलर (गाडीमागे ओढायचं, आत राहायची सोय असलेलं चाकांवरचं घर) घेऊन कॅम्पिंगला जाणाऱ्या आणि सोबत एखादी होडी असावी असं वाटणाऱ्या कुटुंबाने दोन माणसांची फुगवायची कायाक, म्हणजे वल्ह्यांनी चालवायची अरुंद होडी, घ्यावी. आमची दीडशे डॉलरच्या आसपास पडली. 2022 ते 2024 असे तीन उन्हाळे ती वापरली आणि आजही ती धड आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण याच घडणीच्या पिवळ्या-हिरव्या बोटी बऱ्याच जणांच्या मिळतात आणि मी लिहिते आहे ते त्या सगळ्यांना लागू पडेल. लांबी सव्वादहा फूट, रुंदी तीन फूट, पिशवीसकट वजन 33 पौंड, म्हणजे तांदळाच्या 15 किलोच्या पोत्याएवढं. वजनाची मर्यादा 400 पौंड. सोबत दोन ॲल्युमिनियमची वल्ही, हातपंप आणि तळाला लावायचं पातं.

ही घेण्याआधी आम्ही जे केलं ते सांगायलाच हवं, कारण ट्रेलरवाल्यांच्या दृष्टीने या परीक्षणाचा खरा भाग तोच आहे.

आमचा ट्रेलर 18 फुटी, एका ॲक्सलचा (म्हणजे चाकांच्या एकाच आसाचा), भरून साधारण 3,600 पौंडांचा. गाडी 5,000 पौंडांपर्यंत ओढू शकणारी. 2021 मध्ये आम्ही दोन जुन्या प्लास्टिकच्या कायाक घेतल्या. गाडीच्या टपावर चढवताना माझा खांदा भरून यायचा, म्हणून नवऱ्याने ट्रेलरच्या मागच्या बंपरला रॅक जोडला आणि दोन्ही त्यावर उभ्या बांधल्या. घरून, म्हणजे कँटनहून, लेक मिशिगनच्या काठच्या लडिंग्टनला निघालो. आय-96 महामार्गावर पहिला मोठा ट्रक शेजारून गेला आणि ट्रेलर मागच्या मागे डोलायला लागला. स्टिअरिंग नवऱ्याच्या हातात असूनही गाडी आपली राहिली नाही असं मला वाटलं. मागच्या सीटवर मुलं झोपलेली. नवऱ्याने गाडीच्या ब्रेकला पाय लावला नाही, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, गाडीतूनच हाताने लावता येणारे ट्रेलरचे ब्रेक हलके दाबले आणि डोलणं थांबलं. पुढच्या एक्झिटला उतरून आम्ही अर्धा तास नुसते बसून राहिलो.

संध्याकाळी साताऱ्याला फोन केला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एका वाक्यात उत्तर दिलं, "पोरी, गाडी उलाळ झालीया तुमची. मागचं काढ, म्होरं घे."

ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. चाकाच्या मागे जास्त भरलं की जू वर उचलतं आणि बैलांच्या मानेवर भार राहत नाही. ट्रेलरचं अगदी तेच आहे. एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार पुढे हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडतात त्या सांध्यावर, पडायला हवा. आमचा होता 390 पौंड, म्हणजे जेमतेम 11 टक्के. दोन कायाक आणि रॅक मिळून 130 पौंड, ते ॲक्सलच्या 8 फूट मागे. हिच ॲक्सलच्या 12 फूट पुढे. तरफेचा हिशोब केला तर हिचवरचे 87 पौंड कमी झाले आणि उरले 303. एकूण वजन तर 3,730 वर गेलेलं. म्हणजे 8 टक्के. वाहतूक, वारा, वेग हे सगळं नंतर येतं. घरून निघतानाच ट्रेलर डोलायला तयार होता.

ही फुगवायची कायाक घडी होऊन ट्रेलरच्या पुढच्या आरपार कप्प्यात जाते, खुर्च्या आणि पाण्याच्या पाइपशेजारी. तिथे तिचे 33 पौंड हिचवर 25 पौंडांची भरच घालतात. ट्रेलरची चाल सुधारली ती आम्हाला पहिल्याच फेरीत जाणवली. माझ्या लेखी या वस्तूचा सगळ्यात मोठा गुण पाण्यावर नाही, रस्त्यावर आहे.

"ट्रेलरच्या मागे बोटीचा छोटा ट्रेलर जोडला तर?" असं आमच्या ओळखीतले दोघे-तिघे विचारतात. मिशिगनमध्ये असं दुहेरी ओढणं चालतं, पण पहिला ट्रेलर पिकअपच्या हौद्यात जोडायचा फिफ्थ-व्हील असेल तरच, आणि परवान्यावर त्याची वेगळी नोंद लागते. आपल्यासारख्या बंपरमागे जोडायच्या ट्रेलरला ती वाट बंद आहे. ट्रेलरच्या छपरावरही काही बांधू नका. ते पातळ पडद्याचं छत असतं, एक भोक पडलं की पावसाचं पाणी भिंतीत उतरतं.

आता पाण्यावरचं.

फुगवायला हातपंपाने 12 मिनिटं लागतात. बाजूचे दोन कप्पे आणि तळाचा एक, त्यांवर आकडे छापलेले असतात, त्याच क्रमाने भरायचं. गाडीच्या 12 व्होल्टवर चालणारा पंप नंतर घेतला, पण कॅम्पग्राउंडवर सकाळी आठपर्यंत शांततेची वेळ असते आणि तो पंप फार ओरडतो, म्हणून पहाटे निघायचं असेल तर अजूनही हातानेच भरते. एक गोष्ट पुस्तिकेत बारीक अक्षरात होती, ती इथे ठळक सांगते. उन्हात टणक भरलेली बोट जूनच्या गार पाण्यात उतरवली की दहा मिनिटांत मऊ पडते, कारण आतली हवा गार होऊन आकसते. आपल्याला वाटतं कुठेतरी गळती आहे. तसं नसतं. पाण्यात टेकवून, थोडं थांबून, चार-पाच पंप परत मारायचे. उलट, दुपारी जेवायला किनाऱ्यावर ओढली की थोडी हवा सोडायची, नाहीतर उन्हाने ती ताणून शिवण सुटते. आमच्या शेजारच्या साइटवरच्या बोटीची अशीच सुटली.

तळाचं पातं कधीही विसरू नका. ते नसलं तर प्रत्येक वल्ह्यागणिक बोटीचं तोंड फिरतं आणि माणूस दमतो. पातं असूनही ती सरळ जायला प्लास्टिकच्या कायाकइतकी सोपी नाही, वारा तिला अंगावर घेतो. सोबत आलेली वल्ही जड आहेत. मी दुसऱ्या वर्षी हलकी घेतली आणि खांद्याचा त्रास संपला. धाकटा पाच वर्षांचा असताना आम्ही तिघे बसलो होतो. वजन मर्यादेत होतं, पण वल्हं फिरवायला जागाच उरली नाही. दोन मोठी माणसं, किंवा एक मोठं आणि एक मूल, हेच खरं.

ही बोट हॅमलिन लेकसारख्या तळ्यासाठी आहे. लडिंग्टन स्टेट पार्कमध्ये एका बाजूला लेक मिशिगन आणि दुसऱ्या बाजूला हे 5,000 एकरांचं तळं, मधून बिग सेबल नदी. बीचवुड कॅम्पग्राउंड तळ्याच्या बाजूला आहे. बुकिंग सहा महिने आधी उघडतं, त्या सकाळी घड्याळ लावून बसावं लागतं. लॉस्ट लेकच्या बाजूने कडेकडेने गेलं की कमळाची पानं, ओंडक्यावर ओळीने ऊन खात बसलेली कासवं, आणि पलीकडे वाळूच्या टेकड्या पार पाण्यापर्यंत उतरलेल्या. कनूसाठी खुणा लावलेला मार्गही आहे. आवाज न करणारी, उथळ पाण्यातून जाणारी बोट इथे मोटरबोटीपेक्षा कितीतरी जास्त दाखवते. सकाळी नऊच्या आत निघायचं, वारा उठायच्या आत परतायचं.

लेक मिशिगनमध्ये मात्र ही अजिबात नेऊ नका. हे मी हात जोडून सांगते. पूर्वेचा वारा असला की लडिंग्टनच्या किनाऱ्याजवळ पाणी आरशासारखं सपाट दिसतं, कारण वारा जमिनीवरून पाण्याकडे वाहतो. पण तोच वारा हवेने भरलेली हलकी बोट आत ढकलत नेतो, आणि आत गेल्यावर लाटा असतात. वल्ह्याने परत येता येत नाही. दुसरं, लाइफ जॅकेट. माणशी एक बोटीत असणं हा कायदा आहे, आणि सहा वर्षांखालच्या मुलाच्या ते अंगातच हवं. आमच्यात मोठ्यांच्याही अंगात असतं.

2023 च्या जुलैमध्ये बाबा आले होते, 71 वर्षांचे. त्यांना या बोटीत बसवताना एक अडचण कळली: बैठक इतकी खाली असते की गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठता येत नाही. धक्क्यावरून चढवणं तर धोक्याचंच. आम्ही बोट घोटाभर पाण्यात आडवी धरली, ते आधी काठावर बसले, मग पाय आत घेतले. उतरताना नवऱ्याने समोरून दोन्ही हात दिले. घरात ज्येष्ठ असतील तर बैठकीखाली घालायला जाड उशी न्या. आम्ही दुसऱ्या दिवशी ट्रेलरच्या सोफ्याची फोमची गादी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली आणि ते एक तास आरामात बसले.

बाबा जावळीतल्या बामणोलीकडचे. कोयनेचं धरण झालं तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते. त्यांचं गाव शिवसागरात गेलं आणि मग आयुष्यभर तापोळा-बामणोली हे त्यांनी लाँचमधून केलं. हॅमलिन लेकही धरणाचंच आहे, लाकडाच्या गिरणीसाठी अडवलेलं, हे मी त्यांना वल्हवताना सांगितलं. 1888 मध्ये ते धरण फुटलं आणि खालचं हॅमलिन गाव वाहून गेलं. बाबांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. "मंजी ह्यांचं फुटून गेलं, आमचं भरून गेलं," म्हणाले, आणि पाण्यात हात बुडवून बराच वेळ बसले. मी बोट तशीच वाहू दिली. डब्यातली दशमी आणि लसणाची चटणी आम्ही त्या कमळांच्या पानांतच खाल्ली.

परत निघताना लागणारा वेळ धरूनच ही बोट घ्या. मिशिगनमध्ये 2019 पासून कोणतीही बोट रस्त्यावर नेण्याआधी तिच्यातलं पाणी काढणं आणि चिकटलेलं शेवाळ-वनस्पती साफ करणं बंधनकारक आहे. परदेशातून आलेले, इथल्या तळ्यांना उपद्रवी ठरलेले झेब्रा शिंपले 1988 मध्ये आमच्याकडच्या लेक सेंट क्लेअरमध्ये सापडले आणि बोटींवर बसूनच ते तळ्यातळ्यांत गेले. फुगवायच्या बोटीत पाणी लपतं ते तळाच्या नळ्यांच्या खाचांत आणि बैठकीखाली. मी बोट फुगलेलीच उलटी करते, जुन्या पंचाने पुसते, ट्रेलरच्या छत्रीखाली दोन तास उभी ठेवते. घरी आलं की गॅरेजमध्ये परत उघडून पाच दिवस वाळवायची, मगच दुसऱ्या तळ्यात. एकदा पावसात ओली गुंडाळली होती, आठवड्याने उघडली तर आत बुरशीचे काळे ठिपके. ते व्हिनेगरने निघाले, वास मात्र महिनाभर राहिला.

तीन वर्षांत एकच भोक पडलं, तेही आमच्याच तंबूच्या खिळ्यावर ओढल्यामुळे. सोबतच्या ठिगळाने ते बुजलं आणि अजून टिकून आहे. आलेली पिशवी सोडून द्या, एकदा उघडलेली बोट त्यात परत जात नाही. ताडपत्रीच्या चेनवाल्या मोठ्या पिशवीत बोट, पंप, पातं आणि चार लाइफ जॅकेटं मावतात, आणि ती पिशवी पुढच्या कप्प्याच्या दारातून आडवी सरकते. घेण्याआधी आपल्या ट्रेलरच्या त्या दाराची उंची मोजा. आमची 14 इंच आहे आणि पिशवी 13.